चॉकलेटसाठी आधी बी मरावं लागतं

कर्नाटकातल्या पुत्तूरजवळ सुपारीच्या बागेत शिरल्याबरोबर आप्पा थबकले. कोकोची फळं फांद्यांना नव्हे, थेट खोडाला लटकलेली. "फणसाचीच जात की!" जात वेगळी, पण खोड फोडून फुलायची खोड तीच.

मालकांनी एक पिवळं फळ दांडक्यानं फोडलं. आत सीताफळासारखा पांढरा गर, त्यात चाळीसेक बिया. गर आंबटगोड. बी चावलं तर जांभळं, कडूजहर, जीभ आवळणारं; चॉकलेटचा वासही नाही. लिनियसनं १७५३ मध्ये या झाडाला थिओब्रोमा, म्हणजे देवांचं अन्न, असं नाव दिलं. कच्चं बी त्यानं चाखलं नसावं.

चव तयार होते ती आंबवणीत. केळीच्या पानांखाली झाकलेल्या बियांच्या खोक्यात आप्पांनी हात घातला आणि झटकन काढला. जाळ कुठेच नाही, तरी चटका! आधी यीस्ट गरातल्या साखरेचा अल्कोहोल करतं. बिया खालीवर केल्या की हवा शिरते, मग जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. त्यातून उष्णता सुटते, ढीग ४५ ते ५० अंशांवर जातो. ऊब आणि आम्ल मिळून आतला कोंब मारतात.

"आपण हळद शिजवतो तसंच," आप्पा म्हणाले. आमच्या वाळव्याकडं हळदीचा कोंब उकळूनच मारतात. पण इथं उकळून चालत नाही. कोंब मेल्यावर पेशी फुटतात आणि बीमधली विकरं (एन्झाइम्स) प्रथिनांचे तुकडे पाडतात, साखर फोडतात. भाजताना या तुकड्यांची साखरेशी गाठ पडते आणि तो ओळखीचा वास सुटतो. उकळलं तर कोंबाबरोबर विकरंही मरतील. म्हणून पाच ते सात दिवसांचा हा सावकाश मृत्यू.

पुढं वाळवणं, भाजणं, टरफल काढणं. दळताना पाणी घालावं लागत नाही. शेंगदाण्याचा कूट जास्त फिरवला की तेल सुटतं तसंच. बीमध्ये निम्म्याच्या आसपास कोको बटरच असतं.

या बटरचे स्फटिक सहा तऱ्हांचे. त्यातला पाचवा ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून वडी हातात टिकते आणि तोंडात विरघळते. कारखान्यात चॉकलेट तापवून-निववून मुद्दाम तोच घडवतात.

आमची वडी मात्र एप्रिलच्या उन्हात गाडीतच पातळ झाली. घरी फ्रीजमध्ये घट्ट झाली आणि काही दिवसांनी वर पांढरी साय आली. आई बुरशी समजून टाकायला निघाली होती. स्फटिक भलतेच जमले होते, बटर वर आलं होतं, एवढंच. आप्पांनी निम्मी वडी तिथंच उभ्या उभ्या संपवली.