सुटकेसाठी आलेली फौज : १८१८च्या साताऱ्यापासून म्यानमारपर्यंत

१० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. आधी त्यांनी आपलंच निशाण चढवलं, मग ते उतरवून छत्रपतींचा भगवा लावला. लगोलग ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला अधिकारी एल्फिन्स्टन याचा जाहीरनामा निघाला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या कारभाराचे दोष त्यात मोजले होते, आणि साताऱ्याच्या महाराजांना बंदिवासातून सोडवून गादीवर बसवण्याचं वचन दिलं होतं. जुलमी राजवट बाहेरच्या फौजेने संपवता येते का, हा वाद आज कुठल्याही देशावरून पेटला की मला हा जाहीरनामा आठवतो.

त्यातली तक्रार खोटी नव्हती. छत्रपती खरोखरच पेशव्यांच्या नजरकैदेत होते. आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या छावणीत आले. एप्रिलमध्ये ते साताऱ्यात गादीवर बसले. पण २५ सप्टेंबर १८१९च्या तहात खरी मेख होती. कंपनीच्या परवानगीशिवाय सैन्य वाढवायचं नाही की घटवायचं नाही, आणि बाहेरच्या कोणाशी परस्पर बोलणंही करायचं नाही. प्रतापसिंहांनी शाळा काढल्या, छापखाना आणला, रस्ते बांधले, शहरात पाणी आणलं. इतका कर्तबगार राजा असूनही ५ सप्टेंबर १८३९ रोजी कटाचा आळ घेऊन त्यांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षं तिथे झगडले. हाती काही लागलं नाही. मागून गादीवर आलेले शहाजीराजे १८४८ साली वारले आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झालं. ज्या फौजेने गादी दिली, तिच्याच मालकांनी ती काढून घेतली.

विसाव्या शतकात उदाहरणं वाढली. १९४५च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशावर बळाचा वापर निषिद्ध ठरवला. स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची मंजुरी एवढेच अपवाद ठेवले. जर्मनी आणि जपानचे दाखले नेहमी दिले जातात. पण तिथे महायुद्धातला पूर्ण पराभव झाला होता, जेते अनेक वर्षं तळ देऊन होते, आणि जुने पक्ष, नोकरशाही, कारखाने चालवणारी माणसं देशातच होती.

आपल्याला सर्वांत जवळचा दाखला १९७१च्या बांगलादेश युद्धाचा. तिथे जमालपूरला लढलेली पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, म्हणजे जंगी पलटण. अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावांच्या आमच्या सातारा जिल्ह्यात ही नावं घराघरांत माहीत असतात. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि मार्च १९७२पर्यंत आपलं सैन्य परतलं. हे इतक्या लवकर का जमलं? १९७०च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या सर्वसाधारण १६२ जागांपैकी १६० जिंकल्या होत्या. एप्रिल १९७१मध्ये तिच्याच नेत्यांच्या हंगामी मुजीबनगर सरकारने शपथ घेतली होती आणि बंगाली लढवय्यांची मुक्तिवाहिनी लढत होती. राज्य कोणाच्या हाती द्यायचं हा प्रश्नच नव्हता. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावावर १०४ विरुद्ध ११ अशी मतं पडली आणि आपण त्या अकरांत होतो. ती कारवाई न्याय्य होती, असं मी आजही म्हणतो. मात्र पुढचं काम भारतीय सैन्याच्या हातातलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९७५ रोजी अवामी लीगचे नेते मुजीबुर रहमान यांची हत्या झाली आणि बांगलादेशात लष्करशहा आले.

राज्य चालवणारी माणसं आतच तयार असणं म्हणजे काय, हे कुंडल, तासगाव, वाळव्याकडच्या जुन्या पिढीला सांगावं लागत नसे. १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर सरकार, इथे उभं राहिलं. गावोगाव न्यायमंडळं निवाडे देत, तूफान सेना बंदोबस्त ठेवी, सावकारांना आणि दरोडेखोरांना जरब बसली, कमी खर्चातली गांधी लग्नं लागत. कोणत्याही परदेशी सैन्याच्या मदतीवर ते उभं नव्हतं. हेच क्रांतिसिंह १९५७ साली मतपेटीतून लोकसभेत गेले.

पण अशी संघटना उभीच राहू न देणाऱ्या राजवटीही असतात. कंबोडियात हुकूमशहा पोल पॉटच्या काळात पंधरा ते वीस लाख माणसं मेली. गावंच्या गावं मजुरीला जुंपलेली असताना बंड कोण करणार? ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामचं सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरलं म्हणून ते थांबलं. सीमेवरचे हल्ले हेच व्हिएतनामचं मुख्य कारण होतं, तरी जीव वाचले हे खरं. पुढे दहा वर्षं ते सैन्य हललं नाही. त्याच्या छत्राखाली वर आलेले हुन सेन २०२३मध्ये पंतप्रधानपद मुलाकडे देऊन मोकळे झाले. त्याच १९७९ साली टांझानियाने युगांडातून हुकूमशहा इदी अमीनला पळवलं. मागोमाग आधीचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे पुन्हा सत्तेवर आले आणि पुन्हा यादवी झाली.

इराकमध्ये अमेरिकी फौजांपुढे बगदाद तीन आठवड्यांत पडलं. २३ मे २००३ रोजी अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने सगळं सैन्यच बरखास्त केलं. हत्यार चालवायला शिकलेली लाखो माणसं एका सहीसरशी बेकार झाली. त्यांतली कित्येक बंडखोरांना जाऊन मिळाली, काही अधिकारी पुढे इसिसमध्ये दिसले. लिबियाबाबत सुरक्षा परिषदेने २०११ साली नागरिकांच्या रक्षणासाठी १९७३ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. भारत तटस्थ राहिला. त्या ठरावाच्या आधारे सुरू झालेली हवाई मोहीम हुकूमशहा गद्दाफी मारला जाईपर्यंत चालली. २०१४पासून देशात दोन सत्ताकेंद्रं झाली.

लिबियानंतर अशा ठरावांना रशिया आणि चीनची संमती मिळणं जवळजवळ संपलं. म्यानमारच्या लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावली, तेव्हा कोणतीच फौज आली नाही. तिथले तरुण स्वतःच जंगलात जाऊन लढू लागले. सीमा ओलांडून आलेल्यांना रोखा, असं केंद्राने मार्च २०२१मध्ये ईशान्येतल्या राज्यांना कळवलं. मिझोरामने ते मानलं नाही. म्यानमारमधून आलेल्या चिन जमातीच्या हजारो कुटुंबांना गावांत जागा दिली, मुलांना शाळेत घेतलं. माझ्या मते इतर राज्यांनीही तेच करायला हवं होतं.