फोन दोन्हीकडे काढून घेतात, मग फरक काय?

गेल्या वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या विहारात ग्रंथवाचन आटोपलं होतं आणि खिरीचे द्रोण फिरत होते. मावशी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, मोठा दहा दिवस विपश्यनेला गेला. तिथे फोन काढून घेतला, कुणाशी बोलायचं नाही म्हणाले. मी घाबरले, तर तूच म्हणालीस, जाऊ दे त्याला. आता धाकटी दर रविवारी त्या ध्यानवर्गाला जाते. तिथेही फोन टोपलीत ठेवतात, इथलं बाहेर बोलायचं नाही म्हणतात. तेव्हा मात्र तुझ्या कपाळाला आठ्या. मला तरी दोन्ही सारखंच दिसतं."

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण तिचं म्हणणं वरवर पाहता बरोबरच होतं. विपश्यनेच्या शिबिरात पहाटे चारला घंटा, पुरुष एकीकडे बायका एकीकडे, वाचायचं नाही, लिहायचं नाही, संध्याकाळी जेवण नाही, शिकवलंय तेवढंच करायचं, दुसरं काही मधे मिसळायचं नाही. पंथांच्या जाळ्यात सापडलेल्या माणसांबद्दल जे लिहिलं जातं, त्यातली निम्मी लक्षणं या यादीत भरतात. तरीही एकाला मी शिस्त म्हणते आणि दुसऱ्याला ताबा. का म्हणते, ते मलाच नीट मांडून बघायचं होतं.

आधी शिस्त घेऊ. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून आले आणि जुलै १९६९ मध्ये भारतातलं त्यांचं पहिलं शिबिर मुंबईतच, एका धर्मशाळेत झालं. इगतपुरीचं केंद्र १९७६ मधलं, गोराईचा पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. आज दहा दिवसांचं शिबिर म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर हेच येतं. या शिबिराचे नियम कडक आहेत, पण ते अर्ज भरायच्या आधी हातात पडतात. किती वाजता उठायचं, काय खायला मिळणार, फोन कधी जमा करायचा, सगळं छापलेलं. सुरू कधी आणि सुटणार कधी, याची तारीख ठरलेली. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि इतके दिवस मान खाली घालून फिरणाऱ्या बायका एकदम नळ सुटल्यासारख्या बोलायला लागतात. अकराव्या सकाळी आपली खोली आपण झाडायची, फोन घ्यायचा, ऑन करायचा आणि तो थरथरत असतानाच गेटबाहेर पडायचं.

आणि मग काहीच होत नाही. माझ्या पहिल्या शिबिरानंतर मी महिनाभर वाट पाहत होते की कुणीतरी विचारेल, ताई, रोज बसता का? कुणी विचारलं नाही. खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

या पद्धतीतलं सगळंच मला पटतं असं नाही. दहा दिवस पूर्ण करायचेच, असा शब्द आधी घेतला जातो आणि मधेच निघू म्हणणाऱ्याला थांबण्यासाठी समजावलं जातं. हे समजावणं कुठे संपतं आणि अडवणं कुठे सुरू होतं, ते प्रत्येक वेळी समजावणाऱ्या माणसावर अवलंबून असतं. पण हा नियमसुद्धा आधी सांगितलेला असतो, माझ्यासाठी ते महत्त्वाचं आहे.

आता मावसबहिणीचा वर्ग. मध्य रेल्वेच्या एका स्टेशनजवळचा फ्लॅट, नाव सांगत नाही. पहिला रविवार छान. पाऊण तास आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, मग चहा आणि पार्ले-जी. तिसऱ्या-चौथ्या रविवारी कळलं की रोज रात्री 'साधना डायरी' लिहून वर्ग घेणाऱ्या ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवायची. हे आधी कुणी बोललं नव्हतं. पुढे त्या डायरीत कोण भेटलं, घरात काय वाद झाला, हेही आलं. मग 'नकारात्मक माणसं' हा शब्द आला आणि त्यात हळूहळू तिची जुनी मैत्रीण, मग मोठा भाऊ जाऊन बसले. एकदा चुलतबहिणीच्या हळदीमुळे वर्ग चुकला, तर पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कारण द्यावं लागलं. आणि हे कधीपर्यंत? तारीखच नाही.

म्हणजे टोपलीतला फोन दर रविवारी तासाभरात परत मिळत होता, पण परत मिळाल्यावरच तो खरा ताईंच्या हातात जात होता. दहा दिवसांचं मौन आतून पाहिलं तर जास्त जाचक आहे. आतून पाहून फरक कळतच नाही. कडा बघाव्या लागतात. आत शिरताना काय सांगितलं, बाहेर पडताना काय झालं, आणि 'नाही' म्हटल्यावर समोरचा चेहरा कसा झाला.

हा घोळ आजचा नाही. संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, कोसलच्या पसेनदि राजाची गोष्ट आहे. संध्याकाळी श्रावस्तीत बुद्ध दाराबाहेर बसलेले, राजा भेटायला आलेला. तेवढ्यात समोरून जटाधारी, निगंठ (जैन साधू), नग्न संन्यासी, एकवस्त्री, परिव्राजक असे सात-सातचे जथे चालले. काखेत केस, नखं वाढलेली, खांद्यावर गाठोडी. राजा उठला, उपरणं सावरलं, गुडघा टेकून त्याने तीनदा आपलं नाव सांगितलं आणि त्यांना हात जोडले. मग बुद्धांकडे येऊन म्हणाला, जगात जे कुणी अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, आहेत, त्यातलेच हे असावेत. बुद्धांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, महाराज, संसारात राहणाऱ्याला हे ओळखणं अवघड आहे. शील कळतं ते बरोबर राहून, तेही बऱ्याच काळाने, लक्ष ठेवणाऱ्याला. सचोटी कळते व्यवहारातून, धीर कळतो संकटात आणि प्रज्ञा कळते चर्चेतून.

तेव्हा राजाने कबूल केलं: भन्ते, ही माझीच माणसं. हेर आहेत. मुलखात फिरून खबर आणतात. आता घरी जातील, धूळ धुतील, दाढी करतील, पांढरी वस्त्रं नेसून मौजमजा करतील.

मला ही गोष्ट आवडते, कारण नमस्कार करणाऱ्या राजालाच आतली भानगड ठाऊक होती. आपल्याला ती नसते. बुद्धांनी सांगितलेल्या चार वाटांपैकी पहिली, म्हणजे एकत्र राहणं, मुंबईत कुणाला जमणार? बाकीच्या तीन मात्र इथे रोज समोर येतात. ज्या फ्लॅटमध्ये वर्ग चालतो तिथल्या वॉचमनशी आणि लादी पुसणाऱ्या मावशींशी शिक्षक कसे बोलतात, हा व्यवहार. जुलैत पाणी भरलं, कुर्ल्यात गाड्या थांबल्या, निम्मा वर्ग तासभर उशिरा आणि भिजलेला आला, तेव्हा त्यांनी काय केलं, हे संकट. आणि चर्चा म्हणजे 'हे मला पटलं नाही' असं म्हणून बघायचं. ज्यांना उत्तर येतं ते उत्तर देतात. ज्यांना येत नाही ते 'मला माहीत नाही' म्हणतात, आणि अशा शिक्षकावर माझा विश्वास जास्त बसतो. तिसरं एक उत्तर असतं: "हा प्रश्न तुझ्या अहंकारातून येतोय." हे ऐकलं की मी चपला शोधते.

मज्झिम निकाय या दुसऱ्या संग्रहातलं वीमंसक सुत्त तर त्याच्या पुढे जातं. तिथे बुद्ध भिक्खूंना सांगतात की खुद्द तथागतालाच, म्हणजे मलाच, तपासा, डोळ्यांनी दिसतं त्यावरून आणि कानांनी ऐकू येतं त्यावरून. त्यात एक बारीक कलम आहे. माणूस प्रसिद्ध होण्याआधी काही दोष त्याच्यात दिसत नाहीत, नाव झाल्यावर दिसायला लागतात. म्हणून नाव झाल्यानंतरचा माणूस तपासा. आपण नेमकं उलटं करतो. मोठं नाव, मोठा बॅनर दिसला की तपासणी संपली.

बॅनरवरून आठवलं. कुणी आचार्य अमुक अवस्थेला पोहोचलेले आहेत असं जाहिरातीत दिसलं, तर विनय, म्हणजे भिक्खूंची नियमावली, काय सांगतो ते माहीत असू द्या. नसलेली सिद्धी आहे असं मुद्दाम सांगणारा भिक्खू चौथ्या पाराजिकेखाली, म्हणजे संघाबाहेर काढणाऱ्या चौथ्या अपराधाखाली, येतो, तो भिक्खूच उरत नाही. आणि खरोखर असलेली सिद्धी उपासकांना सांगणं, हाही दोषच. गृहस्थ शिक्षकाला विनय लागू नाही हे खरं, पण कल कळतो.

पैशाचं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे फसायला होतं. फुकट म्हणजे चांगलं, असं मावशीचं गणित. ताईंचा वर्गही फुकटच होता. गोयंकांच्या शिबिरात फी नाही आणि दान फक्त ज्याने एक शिबिर पूर्ण केलं आहे त्याच्याकडून घेतात, नवख्याने देऊ केलं तरी नाही. यामागे डोकं आहे. काय मिळालं हे कळल्याशिवाय द्यायचं नाही. ताईंकडे पहिले दोन महिने काही नव्हतं, मग 'ऐच्छिक' दान आलं, मग ऐच्छिक दान किती असावं याचा आकडाही आला.

दान देणाऱ्यांची नावं ताईंच्या वर्गात वाचली जायची. नावं जाहीर होण्यात मला वावगं वाटत नाही. आपल्या विहारात माईकवरून 'यांच्याकडून एकशे एक रुपये' चालतंच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जाऊन बघा, दोन हजार वर्षांपासून हेच आहे. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं दगडात कोरलेली आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी (टाकं), कुणी शेत किंवा रक्कम 'अक्षयनीवी' म्हणून ठेवली. मूळ ठेवीला हात लावायचा नाही, येणाऱ्या उत्पन्नातून वर्षावासातल्या भिक्खूंच्या चीवराचा (वस्त्राचा) खर्च. म्हणजे कुणी दिलं आणि कशासाठी दिलं, दोन्ही एकाच ओळीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं. ताईंकडे पहिली बाजू दर रविवारी वाचली जायची, दुसरी कधीच नाही.

आजचा कोरीव लेख म्हणजे वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टला क्रमांक असतो, परिशिष्ट-१ वर विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते, हिशेब सादर करावे लागतात. नोंदणी आहे म्हणजे माणसं चांगली असं मुळीच नाही. लहान मंडळाची नोंदणी नसेल, तर तेही लगेच चोर ठरत नाहीत. फक्त विचारून बघा, पावती मिळेल का, क्रमांक काय. उत्तरापेक्षा उत्तराचा सूर जास्त सांगतो.

आता ज्याला शिस्त म्हटलं जातं पण जी शिस्त नसते, तिचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. सोग्याल रिंपोचे हे तिबेटी परंपरेतले जगप्रसिद्ध आचार्य, रिग्पा या संघटनेचे संस्थापक. जुलै २०१७ मध्ये त्यांच्या आठ जुन्या शिष्यांनी पत्र लिहून मारहाण, लैंगिक शोषण आणि चैनीचे आरोप केले. पुढे नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्यात बरेचसे आरोप ग्राह्य धरले गेले. शिष्य अडाणी नव्हते, वर्षानुवर्षं साधना केलेले होते. पण गुरूचा मार म्हणजे शिकवण, तो खटकला तर दोष तुमच्या दृष्टीचा, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. दलाई लामांनी त्याच उन्हाळ्यात लडाखमध्ये सोग्यालांचं नाव घेऊन जाहीर टीका केली. आतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम किती महाग पडतो, ते इथे दिसतं. शिबिरातलं मौन दहाव्या दिवशी सुटतं आणि मग तुम्ही लोकलमध्ये उभं राहून अनोळखी बाईलाही सगळं सांगू शकता. हे दुसरं मौन सुटतच नाही.

महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला म्हणतात की तथागताकडे 'आचार्यमुष्टी' नाही, म्हणजे मुठीत झाकून ठेवलेलं काही नाही. धम्मवंदनेतला 'एहिपस्सिको' आपण लहानपणापासून म्हणतो, ये आणि बघ. 'ये आणि कुणाला सांगू नकोस' असं त्यात नाही.

आणि औषधांच्या बाबतीत तर माझा एकच नियम. चांगल्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे विचारतात आणि गरज पडली तर प्रवेशच नाकारतात. जिथे 'ध्यान सुरू केलंस ना, मग गोळ्या बंद कर' असं सांगतात, तिथून त्याच दिवशी निघायचं. पुढचं काही तपासत बसायचं नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही, तिची खीर निवत होती. एवढंच म्हटलं की पोरीला अडवू नकोस, नाहीतर तूही तेच करतेस. तिला म्हणावं, दोन रविवार जाऊ नकोस, कारण देऊ नकोस आणि काय होतं ते बघ.

पहिल्या रविवारी दुपारपर्यंत चौदा मिस्ड कॉल आले. दुसऱ्या रविवारी ताई स्वतः कन्नमवार नगरात हजर, सोबत वर्गातल्या दोघीजणी. मावशीने त्यांना बसवलं, चहा केला आणि कप पुढे करता करता सहज विचारलं, "तुमच्या ट्रस्टचा नोंदणी क्रमांक काय हो?" ताईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, साखर जरा जास्त झाली.