क्रॅब केक घरी नेताय? तव्याला हात लावण्याआधी वाचा

आमच्या दुकानातून कच्चे क्रॅब केक, म्हणजे खेकड्याच्या मांसाचे गोळे, नेणाऱ्या आपल्या मंडळींची तक्रार बहुतेक एकच असते: "तव्यावर पार भुगा झाला हो."

होणारच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या क्रॅब केकमध्ये थोडं मेयोनीज, अंडं, मस्टर्ड, ओल्ड बे मसाला आणि साल्टीन बिस्किटांचा जेमतेम चुरा असतो. बाकी सगळा खेकडा. बटाटा नाही, बेसन नाही. आपला हात मात्र कटलेटवर बसलेला. दाबून चपटं करायचं, रव्यात घोळवायचं, उलथन्यानं उलटायचं. इथं दाबलंत की आतले मोठे तुकडे मोडतात, आणि पैसे तुम्ही त्या तुकड्यांचेच मोजलेले असतात.

तेव्हा तवा नको. फ्रिजमधून काढलेला केक तसाच, गोळ्याच्याच आकारात, लोणी लावलेल्या ट्रेवर ठेवा. ओव्हन आधी ४५० अंश फॅरनहाइटला तापवून घ्या. साधारण १२ ते १५ मिनिटांत वरून बदामी होतो. आत १६५ अंश भरले की काढा. उलटायचा नाही. अजिबात नाही. कच्चा केक फ्रीझरमध्येही टाकू नका, पाणी सुटतं. नेला त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी करा.

"एवढा महाग कसा?" त्यातलं जंबो लंप म्हणजे खेकड्याच्या पोहायच्या मागच्या पायांजवळचं मांस. एका खेकड्यात असे दोनच तुकडे, तेही हातानं सोडवलेले. स्वस्तात हवा असेल तर नांग्यांच्या मांसाचा केक घ्या. रंगानं काळपट, पण चवीला जास्त गोड. आमच्या घरी तोच होतो.

मेरीलँडचा हंगाम १ एप्रिलला सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. पुढं आम्ही पाश्चराइज्ड डब्यातलं मांस वापरतो आणि तसं पाटीवर लिहितो. नुसतं "मेरीलँड स्टाइल" लिहिलेलं असलं तर खेकडा कुठला ते विचारा, मग दुकान कुणाचंही असो. पुष्कळदा तो आग्नेय आशियातून आलेला असतो.

मसाला कमी वाटतो? ओल्ड बे १९३९ पासूनचा, मेरीलँडमधल्या बाल्टिमोरचाच. सेलरीचं मीठ, पेप्रिका, मिरी. त्याहून जास्त घातलं तर चेसापीक उपसागरातल्या खेकड्याची गोडी मरते. तिखट हवंच असेल तर आमचं मालवणी मसाल्याचं मेयोनीज वेगळ्या डबीत मिळतं, ते बाजूला घ्या.

दहाच्या वर केक हवे असतील तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा.