विल्यम प्रॅट ऊर्फ बोरिस कार्लॉफ: पार्श्वभूमी

'बोरिस कार्लॉफ' हे नाव इंग्रज नट विल्यम हेन्री प्रॅट यांनी १९११ च्या सुमारास कॅनडात घेतलं. कायद्याने मात्र ते कधीच बदलून घेतलं नाही. सरकारी कागदावर सही प्रॅट म्हणूनच आणि पुढे 'ऊर्फ बोरिस कार्लॉफ'. हॉलिवूडमध्ये हयात घालवूनही नागरिकत्व ब्रिटिशच ठेवलं. ज्यातल्या राक्षसाच्या भूमिकेने ते गाजले, त्या १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटाची कथा सर्वांना ठाऊक आहे, ती इथे सांगत नाही. नावाचा आणि घराण्याचा गुंता मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात तो एका वाक्यात उरकला जातो, आणि ते वाक्य अनेकदा चुकीचं असतं.

नावाबद्दल तीन कथा आहेत. कार्लॉफ स्वतः सांगत की आडनाव आईच्या बाजूच्या पूर्वजांचं आणि 'बोरिस' आपलं सहज सुचलेलं. पण घराण्यात असं आडनाव कुणाचंच माहीत नाही, हे पुढे त्यांच्या मुलीनेच स्पष्ट केलं. दुसरी कथा अशी की एका अमेरिकन कादंबरीतल्या बोरिस कार्लोव्ह या खलपुरुषावरून नाव उचललं. ती कादंबरी १९२० ची आहे, म्हणजे नाव रंगभूमीवर आल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी लिहिलेली. तिसऱ्या कथेत कार्लोव्हा नावाच्या काल्पनिक राज्याचा राजपुत्र बोरिस येतो. तीही १९१५ ची. तारखा शेजारी मांडल्या की या दोन्ही कथा गळून पडतात. उरतं ते एवढंच: पंचविशीच्या आतल्या एका तरुणाला प्रॅट हे साधं इंग्रजी आडनाव नको होतं आणि त्याने रशियन वळणाचं नाव पसंत केलं.

का, याचं उत्तर लंडनपेक्षा सुरत आणि अहमदनगरात शोधावं लागतं. वडील हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारच्या महसुली नोकरीत होते. आईचा जन्म १८४८ चा, हिंदुस्थानातलाच. दोघांचं लग्न १८६४ साली सुरतेत झालं. आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेल्या अ‍ॅना लिओनोवेन्स. या बाईंनी आपला जन्म १८३४ सालचा आणि वेल्समधला असल्याचं जगाला सांगितलं. प्रत्यक्षात त्या १८३१ साली अहमदनगरच्या लष्करी छावणीच्या परिसरात, मुंबई इलाख्याच्या सैन्यातल्या एका सार्जंटच्या कुटुंबात जन्मल्या आणि १८४९ च्या नाताळात त्यांचं लग्न पुण्यात लागलं. त्यांच्या आजीचा वंश मिश्र असावा असं अभ्यासक मानतात. हे सगळं उजेडात आलं ते कार्लॉफ यांच्या मृत्यूनंतर, जुने दप्तर तपासल्यावर. म्हणजे कार्लॉफ हे अ‍ॅनांचे नातू, सख्खे नव्हे, आईच्या मावशीच्या नात्याने.

इथे 'अँग्लो-इंडियन' हा शब्द घोळ घालतो. एकोणिसाव्या शतकात या शब्दाचा सरळ अर्थ होता हिंदुस्थानात राहणारा इंग्रज. मिश्र वंशाच्या माणसाला 'युरेशियन' म्हणत. १९११ च्या जनगणनेत सरकारने 'अँग्लो-इंडियन' हा शब्द मिश्र वंशाच्या लोकांसाठी अधिकृत केला. त्यामुळे प्रॅट कुटुंबाला कुणी 'अँग्लो-इंडियन' म्हटलेलं आढळलं तर ते लिखाण कोणत्या वर्षीचं, हे आधी पाहावं. आज आई-वडील दोघांकडूनही मिश्र वारसा होता असं मानलं जातं. ज्या सुमारास शब्दाचा अर्थ सरकारदरबारी पालटला, त्याच सुमारास प्रॅटचा कार्लॉफ झाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायला कागदोपत्री आधार नाही. पण सावळ्या वर्णाला रशियन नाव शोभून जात होतं, आणि मूकपटांच्या काळात त्यांना अरब, हिंदुस्थानी, मेक्सिकन, आदिवासी अशाच भूमिका मिळत गेल्या, हे दोन्ही पडद्यावर दिसतं. यावरून त्यांच्यावर 'वंश लपवला' असा ठपका ठेवणं अन्यायाचं वाटतं. भाऊ परराष्ट्र सेवेत मोठ्या हुद्द्यांवर होते, धाकट्यानेही त्याच वाटेने जावं म्हणून त्याला लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातलं होतं. घरच्या आडनावाला नाटकवाल्याचा डाग लागू नये ही भीती त्या काळी पुरेशी होती. एका थोरल्या भावानेही रंगभूमीवर वेगळंच नाव वापरलं होतं. १९३३ मध्ये चित्रीकरणासाठी ते जवळजवळ चोवीस वर्षांनी इंग्लंडला परतले तेव्हा हेच भाऊ प्रसिद्धीच्या छायाचित्रात कोण कुठे उभं राहणार यावरून लगबग करत होते.

नऊ भावंडांत धाकटे, आई लवकर गेलेली, बोलण्यात तोतरेपणा आणि 'स'चा उच्चार बोबडा, पाय धनुष्यासारखे बाकदार. १९०९ मध्ये शिक्षण सोडून कॅनडाला गेले, शेतावर मजुरी केली, मग फिरत्या नाटक मंडळ्यांत शिरले. दर आठवड्याला नवं नाटक, पाठांतराला दिवस कमी, पगार अनियमित. १९१२ मध्ये रेजायना शहरावर चक्रीवादळ आलं तेव्हा मंडळी तिथेच होती. पुढे हॉलिवूडमध्ये गर्दीतल्या आणि छोट्या भूमिका, आणि मधल्या काळात मालमोटार चालवणं, गोण्या उचलणं. पाठीचं दुखणं तेव्हापासूनचं. 'फ्रँकेन्स्टाइन' येईपर्यंत जवळपास ऐंशी चित्रपट झाले होते आणि तरी नाव कुणाच्या लक्षात नव्हतं.  

आता 'फ्रँकेन्स्टाइन'मधल्या राक्षसाची रंगभूषा. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९३१ या चित्रीकरणात दररोज सुमारे चार तास ती चढवायला लागत आणि उतरवायला आणखी दीडेक तास. तयार रबरी मुखवटा नव्हता. दर सकाळी सगळं शून्यापासून. कपाळ आणि डोक्याचा सपाट माथा कापसाचे थर आणि कोलोडियन यांनी रचला जाई. कोलोडियन म्हणजे ईथरमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवून केलेला द्रव. ईथर उडून गेला की कडक पापुद्रा उरतो. वासाने डोकं उठतं आणि कातडी आवळली जाते. माथा सपाट ठेवण्यामागे रंगभूषाकाराचा तर्क होता: शास्त्रज्ञ असलेला पण सराईत शल्यविशारद नसलेला माणूस सर्वांत सोप्या रीतीने कवटी आडवी कापेल, मेंदू बसवेल आणि डब्याचं झाकण लावावं तशी ती बंद करेल. मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या म्हणजे विजेचा प्रवाह आत घेण्याची टोकं, बोल्ट नव्हेत. त्या चिकटवून-उपटून मानेवर राहिलेले व्रण पुढे बरीच वर्षं दिसत. चेहऱ्याला हिरवट-करडा रंग लावायचा, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिका उमटतो.

दोन गोष्टी कार्लॉफ यांच्या स्वतःच्या होत्या. डोळे फार जिवंत, फार समजूतदार दिसतात असं त्यांना वाटलं, म्हणून पापण्यांवर मेणाचा थर देऊन त्या जड केल्या. आणि तोंडातली कृत्रिम दातांची पट्टी काढून ठेवली. तेवढ्याने एक गाल आत ओढला गेला. १९३५ च्या दुसऱ्या भागात राक्षसाला संवाद दिल्यामुळे ती पट्टी तोंडात ठेवावी लागली, म्हणूनच तिथला चेहरा भरलेला दिसतो. राक्षसाने बोलावं हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर नुकसान नजरेत भरतं. पहिल्यात हुंकार आणि हातांची हालचाल यांवर उभी असलेली भूमिका दुसऱ्यात शब्दांनी थोडी सैल होते.

पोशाखाचं गणितही ठरलेलं होतं. बुटांना चार इंचांचा तळ, कोटाच्या बाह्या आखूड म्हणजे हात लांब वाटतात, आत जाड अस्तर. उन्हाळ्यात दिव्यांखाली आतले कपडे घामाने भिजत. टेकडी चढताना शास्त्रज्ञाची भूमिका करणाऱ्या नटाला खांद्यावर घेऊन जाण्याचं दृश्य दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा करायला लावलं. पाठ कायमची गेली. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं. शेवटी नाव आलं. पुढच्याच वर्षी तोच स्टुडिओ जाहिरातीत नुसतं 'कार्लॉफ' छापू लागला.

तळ्याकाठच्या मुलीचं दृश्य वादाचं ठरलं. फुलं पाण्यावर तरंगतात, मग मुलगीही तरंगेल, असं समजून राक्षस तिला पाण्यात टाकतो. तिला हळुवारपणे ठेवावं, भिरकावू नये, असं कार्लॉफ यांचं म्हणणं होतं. दिग्दर्शकाने ऐकलं नाही. काही राज्यांच्या परीक्षण मंडळांनी दृश्य कापलं, पुनर्प्रदर्शनाच्या वेळी ते सरसकट गेलं. कात्री नेमकी लागली ती तो हात पुढे करतो त्या क्षणी. पुढच्या प्रसंगात बाप मुलीचं शव घेऊन येताना दिसतो. मध्ये काय घडलं असेल याची कल्पना प्रेक्षकाने करायची, आणि ती मूळ दृश्यापेक्षा कितीतरी घाणेरडी होते. निरागस चूक होती तिथे विकृतीचा संशय आला. १९८० च्या दशकात दृश्य परत जोडलं गेलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं प्रेक्षकांनी एका नटाचं काम अर्धवट आणि उलट्या अर्थाने पाहिलं.

१९३२ च्या ममीच्या भूमिकेत रंगभूषेला आठ तास लागले, पण पट्ट्यांत गुंडाळलेला तो देह पडद्यावर काही मिनिटंच आहे. अशा तासांना वेगळा मोबदला नव्हता, दिवस किती लांबावा याला मर्यादा नव्हती. १९३३ मध्ये पडद्यावरच्या नटांची संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत कार्लॉफ होते, सभासद क्रमांक ९. नामांकित नटाने यात उतरणं म्हणजे स्टुडिओचा रोष ओढवून घेणं होतं. त्यांच्या भूमिकांपेक्षाही हे काम मोठं मानायला हवं. याच काळातली त्यांची चिनी खलनायकाची भूमिका मात्र आज पाहवत नाही. ती वंशद्वेषाला खतपाणी घालणारीच होती.

१० जानेवारी १९४१ ला ब्रॉडवेवर 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' उघडलं. त्यात ते अशा खुन्याच्या भूमिकेत होते, जो 'तू बोरिस कार्लॉफसारखा दिसतोस' असं कुणी म्हणालं म्हणून खून करतो. तालमीत तोतरेपणा उलटून आला होता. नाटकाचे १,४४४ प्रयोग झाले. नाटकात त्यांचे स्वतःचे पैसेही गुंतले होते. निर्मात्यांनी प्रयोगातून मोकळं केलं नाही म्हणून चित्रपटात ती भूमिका दुसऱ्याने केली, आणि विनोदाचा मुख्य धागाच सैल पडला. १९४५-४६ च्या कमी खर्चाच्या तीन भयपटांतलं काम त्यांचं सर्वोत्तम म्हणावं असं आहे. मधल्या एकाचं चित्रीकरण मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी थांबवावं लागलं होतं. १९५० मध्ये रंगमंचावर कॅप्टन हुक, १९५५-५६ मध्ये जोन ऑफ आर्कवरच्या नाटकात बिशप आणि त्यासाठी टोनी पुरस्काराचं नामांकन. १९६६ च्या नाताळच्या व्यंगचित्रपटाला दिलेल्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं.

अखेरच्या काळात फुप्फुसं निकामी होत चालली होती, पायांत आधार आणि दोन दृश्यांच्या मध्ये प्राणवायूचा सिलिंडर. १९६८ च्या 'टार्गेट्स'मध्ये त्यांनी निवृत्त होऊ पाहणाऱ्या म्हाताऱ्या भयपट नटाची भूमिका केली. निर्मात्याला देणं असलेले दोनच दिवस ठरले होते, कार्लॉफ यांनी पाच दिवस काम केलं. समारा या गावी मृत्यूशी ठरलेल्या भेटीची बोधकथा सांगण्याचा लांबलचक प्रसंग त्यांनी एका दमात, एका टेकमध्ये दिला आणि तंत्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. २ फेब्रुवारी १९६९ ला ससेक्समधल्या मिडहर्स्ट इथे त्यांचं निधन झालं. दक्षिण लंडनमधल्या फॉरेस्ट हिल रोडवरच्या ३६ क्रमांकाच्या जन्मघरावर निळी पाटी आहे. तिच्यावर प्रॅट आणि कार्लॉफ ही दोन्ही नावं आहेत.