विहिरीवरचा दोर आणि केस कापणाऱ्यांचं मनगट

माझे केस गेली नऊ वर्षं एकाच ताई कापतात. मागच्या वेळी त्या मध्येच थांबल्या, कैची ट्रॉलीवर ठेवली आणि ओला हात झटकावा तसा उजवा हात चार-पाचदा झटकला. म्हणाल्या, "रात्री दोन-अडीचला मुंग्यांनी जाग येते हो मॅडम. अंगठा आणि ही दोन बोटं. झटकलं की बरं वाटतं. कॅल्शियम चालू केलंय." मनगटात तांब्याचं कडंही होतं. मी विचारलं, करंगळीला येतात का मुंग्या? "नाही, करंगळी एकदम ठीक."

त्या करंगळीनेच बरंचसं सांगून टाकलं. कॅल्शियम कमी झालं तर मुंग्या दोन्ही हातांना, ओठांभोवती येतात. एका हाताची करंगळी तेवढी सोडून देत नाहीत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना एकाच नसेतून जाते, तिचं नाव मीडियन नर्व्ह. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. म्हणजे बिघाड असण्याची शक्यता त्या एका नसेच्या वाटेवर आहे, आणि तिची सगळ्यात अरुंद जागा मनगटात आहे.

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं हलवा. हालचाल तिथे जाणवेल. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. तिथून ते लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात, कळसूत्री बाहुलीसारखी. या दोऱ्या म्हणजे कंडरा. अशा 9 कंडरा आणि त्यांच्या सोबत ती एक मऊ नस मनगटातल्या बोगद्यातून तळहाताकडे जातात. बोगद्याच्या तळाला आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं आहेत आणि वरून एक चिवट पट्टा ताणलेला आहे. हाच कार्पल टनेल. कुठलीच बाजू फारशी ताणली जात नाही, म्हणून आत थोडी जरी गर्दी वाढली तरी दाब वाढतो.

सगळे म्हणतात, "दिवसभर कात्री चालवली की हात दुखणारच." कात्री किती वेळा चालली हे महत्त्वाचं आहेच, पण ती चालताना मनगट किती वाकलेलं होतं याकडे कुणी बघत नाही. जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने पडलेला चर तुम्ही पाहिला असेल. तो कुठे पडतो? दोर जिथे वळतो तिथे. सरळ भागात दोर कशालाच घासत नाही. मनगटात कंडरांचं हेच होतं. मनगट सरळ असेल तर त्या बोगद्याच्या मधोमध सरकतात. ते वाकलं की त्या एका भिंतीवर रेलतात.

किती जोराने रेलतात, हे साध्या त्रिकोणमितीने काढता येतं, आणि मला हा भाग फार आवडतो. ताणलेला दोर एखाद्या कडेवरून वळतो तेव्हा कडेवर पडणारं बल = 2 × ताण × वळणाच्या अर्ध्या कोनाची ज्या (साइन). वळण 20 अंशांचं असेल तर हे बल ताणाच्या सुमारे 0.35 पट येतं, 40 अंशांना 0.68 पट, आणि 60 अंशांना बरोबर ताणाइतकं. आता ताण बघा. कंडरा बोटाच्या सांध्याला फार जवळून ओढते, तर बोटाचं टोक सांध्यापासून लांब असतं. तरफेची ही बाजू कंडरेला तोट्याची. त्यामुळे बोटाच्या टोकावर 10 न्यूटनचा जोर हवा असेल तर कंडरेत त्याच्या काही पट ताण लागतो. आपण तीनपट धरू, म्हणजे 30 न्यूटन. मनगट 60 अंश वाकलेलं असेल तर भिंतीवर 30 न्यूटन, जवळजवळ 3 किलोचं वजन. तेच 20 अंशांत आणलं तर साधारण 10. कात्री तीच, केस तेच, आणि भिंतीवरचा भार एक तृतीयांश. कंडरा त्यांच्या निसरड्या अस्तरात सरकताना घर्षण इतकं कमी असतं की मुख्य त्रास दाबण्याचा, घासण्याचा त्यामानाने कमी. असं रोज दाबून कंडरांभोवतीचं अस्तर हळूहळू जाड होतं, बोगदा भरतो, आणि दोऱ्या चिवट असल्याने मार बसतो तो नसेला.

हा दाब मोजलेलाही आहे. 1981 मध्ये रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून दाब घेतला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या सरासरी 2.5 मिलिमीटर होता आणि पूर्ण वाकवल्यावर 31. त्रास असलेल्यांत सरळ असतानाच 32, वाकवल्यावर 94. साधारण 20 ते 30 मिलिमीटर दाबाला नसेतल्या बारीक शिरांमधलं रक्त मंदावू लागतं. रात्री मुंग्या का येतात तेही यातून कळतं: झोपेत आपण मनगट दुमडून घेतो आणि ते तासन्‌तास तसंच राहतं.

सलूनमध्ये मनगट वाकतं ते बहुतेक वेळा उंचीमुळे. मानेवरची रेघ कापताना गिऱ्हाईक खाली असेल तर हात खाली उतरतो, पातं आडवं ठेवायचं म्हणून मनगट वर दुमडावं लागतं. टाळूवरचे केस कापताना उलटं: कोपर वर जातं आणि मनगट खाली पडतं. म्हणून एकाच कटमध्ये खुर्ची दोनदा तरी हलली पाहिजे, मानेसाठी वर, टाळूसाठी खाली. पंपाची खुर्ची असूनही सकाळी एकदा लावलेली उंची रात्रीपर्यंत तीच राहते, हे मी कितीतरी पार्लरमध्ये बघते आणि हळहळते. गावाकडच्या सलूनमध्ये लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर फळी टाकतात ना, ती त्या न्हावीदादांच्या मनगटासाठीही असते.

उरलेला भाग ताण कमी करण्याचा. केस ओले असताना कापा. पाण्याने केराटिनमधले (केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यातले) हायड्रोजन बंध सुटतात आणि केस मऊ होतो. कैचीचं एक कडं धरून दुसरं पातं काटकोनात उचला आणि सोडा. अर्ध्यावर कुठेतरी थांबलं तर स्क्रू बरोबर. धाडकन मिटलं तर ढिला आहे: केस पात्यांमध्ये दुमडतो आणि अंगठा नकळत बाजूला रेटत राहतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते वेगळं दुखणं, त्याला द क्वेर्व्हेन म्हणतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द क्वेर्व्हेन यांनी 1895 मध्ये ते नोंदवलं. अंगठ्याचं कडं आखूड असलेली ऑफसेट कैची तिथे मदत करते, कारण अंगठ्याला अनामिकेखाली ताणून जावं लागत नाही. ब्लो ड्राय करताना राउंड ब्रश मनगटाने पिळू नका, दांडा बोटांत फिरवा.

तांब्याच्या कड्याबद्दल स्पष्टच लिहिते. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 70 संधिवाताच्या रुग्णांवर तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे तपासले; 2013 मध्ये निष्कर्ष आला की दुखण्यावर खरा उपयोग काही नाही. आखडलेला सांधा आणि दबलेली नस हे आजार वेगळे, पण धातू कातडीवर ठेवून बोगद्यातला दाब उतरेल असं मानायला कसलाही आधार नाही. "नस चढलीये, बसवून देतो" म्हणून मनगट कडकन मोडणाऱ्यांकडे तर जाऊच नका. रात्री मनगट सरळ ठेवणारा साधा स्प्लिंट बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही हा त्रास वाढतो, त्यामुळे तपासणी हवीच. मुंग्या दिवसाही राहू लागल्या, हातातून कंगवा निसटू लागला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा चपटा दिसू लागला, तर वाट पाहू नका. तिथला स्नायू आटला की तो पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते.

आणि खुर्चीत बसणाऱ्यांसाठी: पुढचे केस कापताना मोबाइल पर्समध्ये ठेवा. तुमची मान खाली गेली की त्यांना वाकावं लागतं, आणि कंबर वाकवायचा कंटाळा आला की मनगट वाकतं.