आधी पोट पाहा, मग रंग

मे महिन्यात जळगावला मित्राकडे त्याची खाऱ्या पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. बाहेर ४४ अंश, घरात कूलरची घरघर. दगडाच्या कपारीत मंदारिन मासा बसलेला, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे. "भारी आहे ना भाऊ? पण काही खात नाही," मित्र म्हणाला. मी काचेला डोळा लावला. डोक्यामागचं अंग आत गेलेलं, पोट खपाटीला. दाण्यांचा चुरा तळाशी तसाच पडलेला, आणि त्याच्याशेजारी तो उपाशी.

त्याला ते अन्न वाटतच नव्हतं. मंदारिन दिवसभर खडकाला टोचे मारत कोपेपॉड नावाचे, जेमतेम मिलिमीटरभराचे कवचधारी जीव टिपतो. नव्या, लहान टाकीत ते लवकरच संपतात आणि मासा हळूहळू वाळत जातो. वाईट याचं वाटतं, की बहुतेक प्राण्यांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो, पण याच्या त्वचेत खरंखुरं निळं रंगद्रव्य आहे. इतका दुर्मीळ रंग आपण भुकेने मारतो.

क्लीनर रास या माशाचीही हीच गत. प्रवाळखडकावर मोठे मासे त्याच्यापुढे अक्षरशः रांग लावतात आणि तो त्यांच्या अंगावरचे परजीवी खातो. टाकीतल्या पाच-सहा माशांवर त्याचं पोट कसं भरणार? बटरफ्लाय माशांच्या कित्येक जाती तर जिवंत प्रवाळच खातात. दुकानात बोटभर दिसणारा ब्लू टँग मासा वाढून ३० सेंटीमीटरपर्यंत जातो.

आपल्या खान्देशात यात उन्हाळ्याची भर. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की तो आणखी घटतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते, पंप थांबतो. म्हणून माझं मत ठाम आहे: इथे मासे मोजकेच ठेवावेत आणि पंपाला बॅटरी हवीच. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. तेव्हा रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नाही.

मासा आला कुठून, हेही विचारावं. बांगाई कार्डिनल मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचाच. नर अंडी तोंडात उबवतो, पिल्लंही काही दिवस तोंडातच सांभाळतो. इतर माशांसारखी त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर पसरत नाहीत, त्यामुळे एखाद्या जागेवरून तो उपसला की ती जागा सहजी भरून निघत नाही. २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. पण हाच मासा टाकीत अंडी देतो, वाढतो. घ्यायचाच तर तसा वाढवलेला घ्या. समुद्री घोडा आणि खडक बांधणारे प्रवाळ यांना मात्र आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोणी देऊ केले तरी घेऊ नका.

दुकानदाराला सांगा, "माझ्यासमोर खायला घाला." मासा झेपावला तर पुढचं बोलणं.

तो मंदारिन पावसाळ्याआधीच गेला. मित्राने टाकी सहा महिने रिकामी चालवली, मग टाकीतच जन्मलेले दोन क्लाउनफिश आणले. ते पिल्लं असल्यापासून दाण्यांवरच वाढलेत. झाकणाचा आवाज झाला की दोघंही वर येतात.