ग्राफिक्स कार्डाचे अतितापन (सातारा-सांगली परिसर)

ग्राफिक्स कार्डाचे अतितापन : घरगुती संगणकातील ग्राफिक्स कार्डाचे (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाचे) तापमान ठरलेल्या मर्यादेला भिडून कार्ड मंदावणे, पडद्यावर रेघा किंवा रंगीत ठिपके उमटणे, अथवा संगणक अचानक बंद पडणे. नुसते तापणे हा दोष नव्हे. कार्डाला मिळालेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच जाते. कार्ड जिथे खोचतात त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून 75 वॉटपर्यंत आणि आठ पिनांच्या जोडणीतून आणखी 150 वॉटपर्यंत वीज घेता येते. 2022 मध्ये आलेल्या, एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स 4090 या कार्डाची मर्यादा तर 450 वॉट आहे.

तापमान किती झाले म्हणजे जास्त, याला एकच आकडा नाही. जीटीएक्स 1060 व 1080 या कार्डांना एनव्हिडियाने 94° से. ही कमाल मर्यादा दिली होती. 2013 चे एएमडीचे आर9 290एक्स हे कार्ड भाराखाली 95° से. वर चालावे अशीच त्याची आखणी होती. त्यामुळे ‘ऐंशीच्या वर गेलं म्हणजे कार्ड गेलं’ हा दुकानांतून ऐकू येणारा निवाडा टिकत नाही. निदानासाठी खरा उपयोगी आकडा म्हणजे कार्ड आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरक. पंख्यांची गती व भार तेच असतील तर हा फरक साधारण स्थिर राहतो. हवेपेक्षा 45 अंशांनी वर राहणारे कार्ड 24° च्या खोलीत 69° दाखवेल, तर 38° च्या खोलीत 83°. कार्डात बिघाड दोन्हीकडे नाही. सांगली-मिरजेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत संगणक असेल, तर संध्याकाळीही हवा निवत नाही. थंडीत सुरळीत चालणारे कार्ड उन्हाळ्यात ‘बिघडते’ ते बहुधा याच कारणाने.

उंचीचा परिणाम सहसा कोणी विचारात घेत नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मी., तर सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तापमान तेच धरले, तर 700 मीटरवर हवेची घनता किनाऱ्यापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी भरते, आणि पंखा तेवढ्याच फेऱ्यांत तितकी कमी हवा ढकलतो. सुमारे 1,350 मी. उंचीच्या महाबळेश्वरात ही घट 15 टक्क्यांच्या घरात जाते. पण तिथली हवाच गार असल्याने ती जाणवत नाही. एकंदरीत, या परिसरात उंचीपेक्षा धूळच अधिक जबाबदार धरावी लागेल.

गळीत हंगामात उसाच्या फडात पाचट पेटवले की काळी काजळी उडते आणि गच्चीपासून खिडकीच्या गजापर्यंत सगळीकडे बसते. स्वयंपाकघर लागून असेल तर फोडणीच्या तेलकट वाफेने, देवघर जवळ असेल तर उदबत्तीच्या धुराने ही धूळ चिकट होते. पंखा काढून पाहिल्यास पाती वरवर स्वच्छ दिसतात. मात्र पंख्याखाली हीटसिंकच्या (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पत्र्यांच्या तोंडाशी राखाडी धुळीची घोंगडीसारखी सलग पट्टी आढळते. ती चिमट्याने एका टोकाला धरून उचलली की अखंड निघते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळा पंखा हवेच्या झोताने प्रमाणाबाहेर फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला इजा होऊ शकते.

निदान बाहेरून आत करत जावे. तापमान पाहण्यासाठी जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो ही साधने रूढ आहेत. 2020 पासून विंडोज 10 च्या टास्क मॅनेजरमध्येही स्वतंत्र कार्डाचे तापमान दिसते. प्रथम कॅबिनेटचे साइड पॅनेल उघडून तोच गेम किंवा लग्नाच्या व्हिडिओचे तेच रेंडरिंग पुन्हा चालवावे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटमधील हवेच्या वाटेत आहे. टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला टेकवून ठेवलेल्या संगणकात हे नेहमीचेच. फरक पडला नाही तर दोष कार्डातच शोधावा. हलक्या भारावर पंखे थांबलेले दिसले म्हणून ते जळाले असे समजू नये. साधारण 2014 नंतरच्या पुष्कळ कार्डांत तापमान 50-60 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पंखे फिरतच नाहीत.

कार्डावरील मुख्य चिपचे सरासरी तापमान आणि तिच्यावरील सर्वांत तप्त बिंदू (हॉटस्पॉट) यांतील अंतर सामान्यतः 10 ते 15 अंश असते. ते पंचवीस-तिसाच्या पुढे गेले तर चिप व हीटसिंक यांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे, कडेला सरकली आहे किंवा हीटसिंक तिरका बसला आहे, असे अनुमान काढता येते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जावेत. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) मूळच्याच जाडीचे असले पाहिजेत. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड घातला तर हीटसिंक उचलला जातो, चिपला नीट टेकत नाही, आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापते.

हीटसिंकमधील तांब्याच्या हीट पाइपचे (आतल्या द्रवाच्या वाफेने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीचे) जनकत्व वादग्रस्त आहे. जनरल मोटर्समधील गॉगलर यांना अशा नळीचे पेटंट 1944 मध्ये मिळाले होते. मात्र ते शीतकरणापुरते राहिले आणि त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. लॉस अ‍ॅलॅमॉस येथे ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये ती स्वतंत्रपणे घडवली आणि तिच्या प्रसाराचे श्रेय त्यांना देणे रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातील पर्किन्स नळीलाही काही जण पूर्वज मानतात. पण तिच्यात द्रव परत ओढून आणणारी वात नसल्याने ती वेगळी धरणे बरे.

अतितापनाने बंद पडलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजून किंवा ‘हीट गन मारून’ चालू करण्याच्या उपायाबाबत मतभेद आहेत. याची पार्श्वभूमी अशी. 1 जुलै 2006 पासून युरोपीय संघात शिसेयुक्त डाखावर (इलेक्ट्रॉनिक जोड सांधणाऱ्या मिश्रधातूवर) निर्बंध आले आणि उद्योग कथील-चांदी-तांबे या डाखाकडे वळला. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या वेष्टन-साहित्यातील दोषापोटी 15 ते 20 कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. दोन्ही घटना जवळच्या काळातल्या असल्याने शिसेविरहित डाखच तडकतो, भाजल्यावर तो वितळून पुन्हा जुळतो, अशी उपपत्ती रूढ झाली. तिला आकड्यांचा आधार मिळत नाही. जुना शिसे-कथील डाख 183° से. ला वितळतो, तर नवा सुमारे 217° च्या पुढे. घरगुती ओव्हनमध्ये मात्र कार्ड बहुधा 200° च्या आतच ठेवले जाते. शिवाय तडा चिपच्या वेष्टनाखालील डाखाच्या मोठ्या गोळ्यांत नसून चिप आणि तिचा तळ यांमधल्या डाखाच्या सूक्ष्म ठिपक्यांत (बंपांत) असतो, असे दुसरे मत आहे. वारंवार तापणे-निवणे यात भोवतालचा भरणद्रव्याचा थर बंपांना पुरेसा सावरू शकत नाही. भाजल्यावर प्रसरणाने तडा तात्पुरता मिटतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा उघडतो. दुकानात दुरुस्त होऊन आलेली कार्डे थोड्याच काळात परत येतात, त्याच्याशी हे दुसरे मत अधिक जुळते. गोळे नव्याने बसवण्याच्या रिबॉलिंगनेही चिपच्या पोटातला दोष जात नाही.

विजेचा दाब कमी-जास्त होण्याला पुष्कळदा दोष दिला जातो. पण एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) धड असेल तर कार्डाला मिळणारे 12 व्होल्ट सहसा हलत नाहीत. उपयोग होतो तो कार्डाच्या आतील व्होल्टेज उतरवण्याचा. स्विचिंगमुळे (चिपमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्यामुळे) होणारा वीजव्यय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वारंवारता तीच ठेवून 1.05 चे 0.90 व्होल्ट केले तर तो सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. हे एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून, स्क्रूला हात न लावता करता येते.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड चालवून ते चलन मिळवणे) थांबल्यावर वापरलेली कार्डे मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. अशा कार्डांत चिपपेक्षा पंखे व मेमरीचे पॅड अधिक झिजलेले असण्याचा संभव असतो, म्हणून विकत घेतानाच मेमरीचे तापमान पाहावे. पुरात भिजलेल्या कार्डांत पंख्याच्या बेअरिंगमध्ये गाळ बसतो आणि पिनांना गंज चढतो. धुऊन-वाळवून ती चालू झाली तरी पंखा बदलावाच लागतो.